विक्रेत्याची साक्ष

न्यायालयात साक्षीदार उभा राहिला म्हणजे या प्रकरणात त्याचा काही स्वार्थ आहे काय, हे आधी पाहिले जाते. स्वार्थ असेल तर त्याची साक्ष टाकून द्यावी असे कायदा सांगत नाही. ती अधिक डोळसपणे तपासावी एवढेच सांगतो. इतिहासाच्या दरबारात मात्र हा विवेक आपण पुष्कळदा विसरतो. शिलालेख कोरविणारा राजा, धन्याच्या आज्ञेने बखर लिहिणारा कारकून आणि मालाची जाहिरात छापणारा दुकानदार हे तिघेही स्वार्थी साक्षीदारच. त्यांपैकी पहिल्या दोघांना आपण इतिहासाची साधने म्हणून मान देतो आणि तिसऱ्याला रद्दीत घालतो. गेल्या काही वर्षांत या तिसऱ्या साक्षीदाराची रद्दी एकाएकी मोलाची ठरली आहे. तिच्यामुळे आमच्यापुढे एक नैतिक प्रश्न उभा राहिला: सत्य जाणून घेणे अगदी सोपे झाले, म्हणजे माणसावर कोणती जबाबदारी येते? प्रश्न मोठा आहे. परंतु तो आमच्यापुढे आला तो एका पितळी कर्ण्याच्या रूपाने, गार्डन रीचमधल्या एका मराठी घरात.

गार्डन रीच म्हणजे हुगळीच्या काठची जुनी बागबंगल्यांची वस्ती. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केल्यावर वाजिद अली शाह कलकत्त्यास आला आणि याच वस्तीतल्या मटियाबुर्जात त्याने आपले उरलेले आयुष्य घालविले. गेलेल्या लखनौची एक छोटी प्रतिकृतीच त्याने येथे उभी केली. गवई आले, नर्तक आले, ठुमरी आली, पतंगबाजी आली. २१ सप्टेंबर १८८७ रोजी तो वारला आणि मटियाबुर्जच्याच इमामबाड्यात त्याचे दफन झाले. पुढे दोन महिनेही लोटले नाहीत तोच, ८ नोव्हेंबर १८८७ रोजी, अमेरिकेत एमिल बर्लिनर यास ग्रामोफोनचे पेटंट मिळाले. ज्या दरबारातील सूर जपून ठेवावयास हवे होते तो दरबार उठला, आणि सूर जपून ठेवणारे यंत्र त्याच्या पाठोपाठ जन्मास आले! एडिसनचा फोनोग्राफ १८७७ पासून अस्तित्वात होता हे खरे. पण मटियाबुर्जच्या त्या मैफलींतला एकही सूर आज आपल्या कानी पडत नाही.

त्याच १८८७ साली आणखी एक घटना घडली. बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. पुढे तिचे मुख्य कार्यालय याच गार्डन रीचमध्ये आले; आज तेथे दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. ज्या रेल्वेच्या नावातच नागपूर होते तिच्या रुळांवरून नागपूर-वऱ्हाडकडची काही माणसे येथे नोकरीस आली आणि काही येथेच राहिली. आम्ही ज्या घराविषयी लिहीत आहो ते अशांपैकीच एक. घरात नव्वदीकडे झुकलेल्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि नुकतीच महाविद्यालयात जाऊ लागलेली नात. दिवाणखान्यात एका चौरंगावर मोठ्या पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन. घरातली कथा अशी, की आजीबाईंचे सासरे रेल्वेत होते. १९४७ साली एक साहेब विलायतेस परत जाताना त्यांनी त्याच्याकडून हे यंत्र विकत घेतले, आणि ते शंभर वर्षांहूनही जुने आहे.

नातीच्या शिक्षणाचा खर्च वाढला होता. परगावच्या एका संग्राहकाने यंत्राचे छायाचित्र पाहून चांगली मोठी रक्कम देऊ केली होती. मात्र यंत्र अस्सल असल्याची खातरी कोणीतरी जाणत्याने द्यावी, एवढीच त्याची अट होती. आम्हांस या विषयाचा थोडाफार नाद आहे हे ठाऊक असल्यामुळे मुलाने आम्हांस बोलाविले. आम्ही यंत्राची छायाचित्रे घेतली, चार दिवसांची मुदत मागितली आणि घरी येऊन विक्रेत्यांच्या साक्षी काढावयास बसलो.

या साक्षी कोणत्या, हे सांगितले पाहिजे. बोलणारी यंत्रे बाजारात आली त्याबरोबर त्या धंद्याची स्वतंत्र नियतकालिकेही निघाली. बर्लिनहून १९०० साली ‘फोनोग्राफिशे त्साइटश्रिफ्ट’ निघू लागले, लंडनहून १९०३ साली ‘टॉकिंग मशीन न्यूज’, आणि न्यूयॉर्कहून जानेवारी १९०५ पासून ‘टॉकिंग मशीन वर्ल्ड’ हे जाडजूड मासिक. ही नियतकालिके गाणे ऐकणाऱ्यासाठी नव्हतीच. ती यंत्रे विकणाऱ्यासाठी होती. कोणत्या कारखान्याने कोणता नमुना काढला, त्याची किंमत किती, कर्णा कसा, पेटी कोणत्या लाकडाची, कोणास कोणते पेटंट मिळाले, पुढल्या महिन्यात कोणत्या तबकड्या येणार, दुकानाची काच कशी सजवावी, असा सारा मजकूर. १९०६ मध्ये व्हिक्टर कंपनीने कर्णा पेटीच्या पोटात लपविलेले व्हिक्ट्रोला हे यंत्र २०० डॉलरना विक्रीस काढले. बाहेर मिरविणारा कर्णा हळूहळू कसा मागे पडला, हे त्या मासिकाच्या लागोपाठच्या वर्षांतील जाहिराती नुसत्या चाळल्या तरी डोळ्यांसमोर उभे राहते. न्यूयॉर्क बंदरातून जगातील कोणत्या बंदराकडे यंत्रांचे किती नग रवाना झाले आणि त्यांचे मोल किती, याचीही सदरे त्यांत असत. त्या यादीत मुंबईचे आणि कलकत्त्याचे नाव वाचले म्हणजे गार्डन रीचला लागूनच असलेल्या खिदिरपूरच्या गोदीत उतरणाऱ्या खोक्यांचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटतो.

पूर्वी असे अंक पाहावयाचे तर परदेशातल्या मोजक्या ग्रंथालयांची पायरी चढावी लागे. आज मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी आणि इंटरनेट आर्काइव्ह यांसारख्या उपक्रमांनी ‘टॉकिंग मशीन वर्ल्ड’चे अंक पानापानांनी छायांकित करून सर्वांस विनामूल्य खुले केले आहेत. एखादा शब्द लिहावा, आणि तो ज्या ज्या पानावर सापडेल ते पान पुढ्यात यावे. ज्या गोष्टीसाठी एका पिढीपूर्वीच्या संग्राहकाने आयुष्य वेचले असते ती आज गार्डन रीचमधल्या खोलीत, चहाचा पेला निवण्यापूर्वी साध्य होते.

पण हा साक्षीदार विश्वासार्ह आहे काय? आमचा अनुभव असा, की विक्रेता स्तुतीत खोटे बोलतो, तपशिलात सहसा बोलत नाही. त्याचे कारण त्याच्या सद्गुणात शोधू नये. ही नियतकालिके एका व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्यासाठी छापलेली होती. किंमत किंवा नमुन्याचा क्रमांक चुकीचा छापला तर पुढल्याच टपालाने तंटा उभा राहणार! म्हणून अशा बाबतीत त्याला खरे बोलणे भाग होते. स्तुतीचे तसे नाही. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि यंत्र आळीपाळीने गात, मध्येच दिवे मालविले जात, आणि आवाज कोणाचा हे श्रोत्यांना ओळखता आले नाही अशी वार्ता थाटाने छापली जाई. त्या प्रयोगांतील ॲना केस या गायिकेने पुढे उतारवयात सांगितले, की यंत्राशी जुळावा म्हणून आपण आपलाच आवाज आवरून धरीत होतो. यंत्र माणसासारखे गात होते ही छापील साक्ष. माणूस यंत्रासारखा गात होता ही खरी हकीकत. छापील साक्ष शतकभर कागदावर राहिली. हकीकत बाहेर आली ती कोणी त्या बाईस विचारले तेव्हा.

या साक्षीदाराचा दुसरा दोष याहून गंभीर आहे, आणि तो म्हणजे त्याचे मौन. विक्रेता विकाऊ वस्तूविषयी बोलतो. जे विकाऊ नाही त्याविषयी बोलण्याचे त्यास कारणच नसते. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव उच्चारते. कारण मूळ मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला जाणार होती, आणि तेथील कारागिरांस तबकडीवर कोणाचे नाव छापावे हे कळावे अशी ती योजना होती. हेतू शुद्ध व्यापारी. पण आज त्या उच्चाराचे मोल काही वेगळेच वाटते. सात समुद्रांपलीकडच्या कारखान्याने आपणांस विसरू नये म्हणून एक बाई स्वतःची साक्ष स्वतःच नोंदवून गेली. तिच्या पाठीशी बसलेल्या सारंगियाला ती संधी मिळाली नाही. त्याचे नाव तबकडीवर नाही, सूचीत नाही, आणि आज कोट्यवधी शब्द क्षणात धुंडाळणाऱ्या यंत्रालाही ते सापडणार नाही. कारण जे छापलेच गेले नाही ते शोधणार कसे? जे छापले गेले तेही पुष्कळदा हातून निसटते. हिंदी नावे रोमन लिपीत वाटेल तशी लिहिलेली. मटियाबुर्जच्या नवाबी घराण्याशी ज्यांचे नाते सांगतात त्या प्यारासाहेबांचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी भेटते. त्यातच फिकट शाई वाचताना संगणकही अडखळतो. ‘सापडले नाही’ आणि ‘नव्हते’ या दोहोंतले अंतर विसरण्याचा मोह यामुळे फार बळावतो.

आपल्या महाराष्ट्राकडे पाहिले तर हे अंतर किती मोठे आहे हे ध्यानात येते. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले, गायस्बर्ग हिंदुस्थानात येण्यापूर्वी एक वर्ष. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते, अल्लादियाखाँसाहेब तर १९४६ पर्यंत. पण त्यांच्या गाण्याच्या तबकड्या बाजारात नाहीत. केवळ विक्रेत्यांच्या सूचींवरून कोणी मराठी संगीताचा इतिहास लिहू म्हणेल तर त्यात हे तिघेही असणार नाहीत! या थोरांना निदान शिष्य होते, रसिक होते, आठवणी लिहिणारे होते. ज्यांना यांपैकी कोणीच नव्हते त्यांचे काय? कलकत्त्यातच पाहावे. कुंतलीन तेल आणि देलखोश अत्तर यांसाठी नावाजलेल्या हेमेंद्रमोहन बसूंनी वंगभंगाच्या त्या काळात सिलिंडरवर मुद्रणे केली, रवींद्रनाथांचा आवाजही घेतला. परंतु त्या सिलिंडरांपैकी फारच थोडी मागे उरली. १९०८ साली सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला. त्यात तबकड्या दाबणाऱ्या हातांची नोंद कोणत्या मासिकात पाहावी? वस्तूंचा इतिहास दिवसेंदिवस स्पष्ट होत जातो आणि माणसांचा पुसट होतो, ही या साधनाची जातकुळी आहे. ते वापरू नये असे आम्ही म्हणत नाही. त्याची जातकुळी ओळखून वापरावे इतकेच म्हणतो.

आता त्या पितळी कर्ण्याकडे परत येऊ. चार दिवस आम्ही जाहिराती ताडून पाहिल्या. कर्णा तोलून धरणारा दांडा, ध्वनी वाहून नेणारी नळी, पेटीचे कंगोरे, यांतले काहीच कोणत्याही कारखान्याच्या कोणत्याही वर्षीच्या चित्राशी जुळेना. एवढ्यावरून निर्णय करणे योग्य नव्हते, कारण न सापडणे हा पुरावा नव्हे, हे आम्ही नुकतेच म्हटले आहे. म्हणून पुन्हा जाऊन, मुलाच्या संमतीने, वरची फळी उघडली. आत चावीचे जे यंत्र होते ते एका हिज मास्टर्स व्हॉइस पेटीग्रामोफोनचे, म्हणजे कर्णा नसलेल्या, हातात धरून नेण्याच्या जातीचे. पेटी आणि कर्णा मागाहून कोणीतरी बनवून जोडलेले. अशी जुळणी केलेली यंत्रे मुंबईच्या चोरबाजारात आणि इतरत्र गेली कित्येक वर्षे शंभर वर्षांची म्हणून विकली जातात. ती बनविणारा कारागीर गुन्हेगार नव्हे. पितळ ठोकून सुरेख कर्णा घडविणे ही प्रामाणिक विद्या आहे. असत्य शिरते ते त्यावर वयाची चिठ्ठी लावताना.

आम्ही मुलास बाजूस घेऊन खरे ते सांगितले. तो काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “काका, तुम्ही बोलला नसता तर कोणाचं काय बिघडलं असतं? घेणारा आनंदानं घेत होता, आम्हांला गरज होती, आणि आजीच्या मनातही काही खुपलं नसतं.”

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. आमच्याजवळ त्याचे एक तयार उत्तर होते, की असत्य ते असत्यच. पण ज्याच्या घरी महाविद्यालयाची फी भरावयाची नसते त्याने दुसऱ्याच्या फीसंबंधात असे उत्तर देणे फार सोपे असते. म्हणून आम्ही थोडे खोल जाऊन पाहिले. चूक आणि असत्य यांच्यामध्ये एकच भिंत असते, आणि ती म्हणजे न कळण्याची अडचण. पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या सज्जनाने हे यंत्र पाहून ‘जुने दिसते’ असे म्हटले असते तर ती चूक ठरली असती, आणि चुकीला क्षमा आहे. जाणून घेण्याचा मार्ग त्याच्या आवाक्याबाहेर होता. आज ती अडचण उरली नाही. एका संध्याकाळच्या श्रमाने जे कळू शकते ते, कळले तर किंमत उतरेल म्हणून, न पाहणे ही चूक नव्हे. ती निवड आहे. ज्ञान महाग होते तोवर अज्ञान ही सबब होती. ज्ञान फुकट झाले आणि ती सबब संपली. आणि घेणारा आनंदाने घेत होता हे खरे असले, तरी तो पैसे मोजत होता ते आमच्या शब्दावर. त्या आनंदाची किंमत ठरविण्याचा अधिकार त्याने आम्हांस दिला नव्हता. खरे काय ते सांगण्याचे काम तेवढे दिले होते.

इथवरचा आमचा विचार आम्हांस बिनचूक वाटत होता, आणि कदाचित तो तसा असेलही. पण आमचे बोलणे आजींच्या कानी गेले होते. त्या आतून आल्या, कर्ण्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि हसून म्हणाल्या, “अरे बाप्पा, एवढं चार दिवस शोधत होते का भाऊ तुम्ही? मला विचारलं असतं तर उभ्या उभ्या सांगितलं असतं.”

मग त्यांनी सांगितले. सासऱ्यांनी साहेबाकडून घेतली ती पेटीच होती, कर्णा नसलेली. पावसाळ्यात भिंत ओली होऊन पेटी कुजली. यंत्र तेवढे धड राहिले. आजींच्या यजमानांनी सेवानिवृत्तीच्या वर्षी, १९८६ साली, ते एका कारागिराकडून नव्या पेटीत बसवून घेतले आणि हौसेने वर कर्णा लावविला. मुलगा तेव्हा शाळकरी होता. पुढे दोन्ही यंत्रांची एकच कथा झाली, आणि आजींनी ती दुरुस्त केली नाही; कारण त्यांना कोणी विचारलेच नाही. सासरे यंत्र घरी घेऊन आले तो दिवस, त्यांना आवडणाऱ्या तबकड्या, घरातल्या सुनांना चावी देण्याची मनाई, आणि दुपारी सासरे कचेरीत गेले म्हणजे ती मनाई कशी मोडली जाई, हे सारे त्या अर्धा तास सांगत राहिल्या. यांतले एक अक्षरही जगातल्या कोणत्याही मासिकात नव्हते.

आम्ही मनातून ओशाळलो. शतकापूर्वीच्या न्यूयॉर्कच्या दुकानदाराची साक्ष आम्ही चार दिवस तपासली, आणि ज्या घरात यंत्र होते त्या घरातल्या वडील माणसाची साक्ष घेण्याचे आम्हांस सुचले नाही. विक्रेत्यांची मासिके माणसांविषयी मूक आहेत असा दोष आम्ही त्यांना देत होतो. परंतु त्यांचे मौन आम्हीच उचलून त्या दिवाणखान्यात नेले होते. सोपे झालेले ज्ञान माणसास असे फसविते. जे शोधावयास सोपे तेच तेवढे शोधण्यासारखे, असे त्यास नकळत वाटू लागते. तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे आमचे पहिले उत्तर अपुरे होते. सत्य सुलभ झाले म्हणजे ते न पाहण्याची सबब जाते, हे खरेच. पण त्याच वेळी जे सत्य सुलभ झालेले नाही त्याच्या मागे जाण्याचे कर्तव्य दुणावते. कागद उद्याही राहतील. त्यांची छायाचित्रे आता जगभर पसरली आहेत. आजींचे तसे नाही.

त्या दिवशी आम्ही व मुलाने मिळून एक टिपण तयार केले. यंत्र कोणते, पेटी व कर्णा केव्हा आणि का जोडले, हे सारे आजींच्या सांगण्याप्रमाणे त्यात लिहिले आणि खाली त्यांची सही घेतली. ते परगावच्या गृहस्थांस पाठविले. त्यांनी आभार मानले आणि रकमेचा चौथा हिस्सा देऊ केला. मुलाने यंत्र विकले नाही. फीची व्यवस्था कर्जाने झाली, आणि ते कर्ज अजून फिटावयाचे आहे. आमच्याविषयी त्याच्या मनात किंचित अढी आहे हे आम्हांस जाणवते, आणि ती असण्याचा त्यास हक्क आहे असेही वाटते. सत्याची किंमत त्याने मोजली, आम्ही नव्हे.

मध्यंतरी पुन्हा त्या घरी जाण्याचा योग आला. नात आजींजवळ एक वही घेऊन बसली होती आणि प्रत्येक तबकडीविषयी विचारून लिहून घेत होती. एका तबकडीवरचे नाव पार झिजून गेले होते. “ही कोणाची गं आजी?” तिने विचारले. आजींनी तबकडी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाल्या, “लावून बघ. गाणं ऐकलं की सांगते.”